म्हैसूर: दोन रात्री पुरेत की पंधरा दिवस राहावं? बेळगावकडून जाणाऱ्यांनी कसं ठरवायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून म्हैसूरला जाणाऱ्यांचा बेत बहुतेक ठरलेला असतो: दोन रात्री, राजवाडा, चामुंडी, प्राणिसंग्रहालय, वृंदावन आणि परत. हा बेत मुळात बंगळूरकरांचा. नव्या महामार्गामुळे त्यांना म्हैसूर दीड-दोन तासांवर आलं आहे. आपल्याला एका बाजूलाच बारा-चौदा तास लागतात. दोन रात्रींसाठी चोवीस तासांहून जास्त प्रवास करायचा हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. तेव्हा म्हैसूरला जायचंच तर चार-पाच रात्री हव्यात, त्याहून कमी असतील तर बेत पुढे ढकलावा.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. निवृत्तीनंतर एखादा महिना बाहेर काढायचा आहे, घरून काम चालतं म्हणून गाव बदलून बघायचं आहे, मुलाच्या उपचारासाठी राहावं लागणार आहे, अशा वेळी या प्रसिद्ध गावात पंधरा दिवस, महिना रमेल का? हे प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून कळत नाही. यादी संपल्यानंतरच्या पहिल्या साध्या दिवशी कळतं. म्हणून त्या दिवसापर्यंत कमी खर्चात पोचायचं आणि तोवर पुढचे पैसे अडकवायचे नाहीत.

आधी तासांचा हिशेब

कागदावर ठिकाणांसमोर दिवस न लिहिता तास लिहा, जाण्यायेण्यासकट. राजवाड्याला अडीच तास. प्राणिसंग्रहालयाला साडेतीन, कारण चालणं बरंच आहे. चामुंडी पायऱ्यांनी चढणार असाल तर तीन. जगनमोहन राजवाड्यातली चित्रं दीड, रेल्वे संग्रहालय दीड, सेंट फिलोमिना चर्च अर्धा. देवराज मार्केट दीड. श्रीरंगपट्टण चार, त्याच वाटेवरचं रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य दोन. कृष्णराजसागर आणि वृंदावन बाग संध्याकाळ धरून चार. सोमनाथपूर पाच. रविवारची राजवाड्याची रोषणाई एक. बेरीज तीस तास.

तरुण जोडपं रोज सहा तास आरामात फिरतं, म्हणजे पाच दिवस. बरोबर सत्तरीतले आईवडील असतील तर रोज चार-साडेचार तासच धरा, दिवस सात होतात. हे तास ओढूनताणून कमी करू नका. राजवाड्यातून लोक तासाभरात बाहेर पडतात, कारण रांग चालते तसे चालत राहतात. जुना लाकडी वाडा १८९७ मध्ये जळाल्यावर हेन्री आयर्विनच्या आराखड्यावरून हा वाडा उभा राहिला आणि १९१२ मध्ये पुरा झाला. त्यातल्या कल्याण मंडपात थांबण्याजोगं खूप आहे. ओतीव लोखंडाचे खांब, वर मोरांच्या नक्षीचं रंगीत काचेचं छत आणि भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची मोठी चित्रं, छायाचित्रांवरून काढलेली. मिरवणूक कोणत्या क्रमाने चालते, पुढे कोण, मागे कोण, हे त्या चित्रांत ओळीने बघता येतं. नंतर तोच रस्ता पायी चालला की गावाचा नकाशा डोक्यात बसतो.

हा आकडा हाती आला की एवढं ठरतं: पाच ते सात रात्रींपर्यंत म्हैसूरची स्थळं तुम्हाला धरून ठेवतात. त्यापुढे राहायचं तर गावाने धरून ठेवायला हवं.

वार जुळवणं

प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं, शेजारचा करंजी तलावही. राजवाड्याची रोषणाई रविवारी आणि सरकारी सुट्ट्यांना संध्याकाळी सातच्या सुमारास होते. जवळपास लाखभर दिवे एकदम लागतात, ते चुकवू नये. शनिवार-रविवारी बंगळूरची गर्दी येते, खोल्यांचे दर चढतात आणि चामुंडीवरची रांग लांबते. या तीन गोष्टी धरून सोयीचा आराखडा असा निघतो: शुक्रवारी सकाळी पोचायचं, बुधवारपर्यंत पाच रात्रींची खोली, परतीचं तिकीट बुधवार रात्रीचं.

शुक्रवारी प्राणिसंग्रहालय उरका. शनिवारी श्रीरंगपट्टण आणि रंगनतिट्टू, म्हणजे गावातली गर्दी टळते. रविवारी सकाळी लवकर राजवाडा, दुपारी आराम, संध्याकाळी पुन्हा राजवाड्याच्या पटांगणात रोषणाईला. सोमवार रिकामा ठेवा, एकही स्थळ नको. तो परीक्षेचा दिवस, त्याविषयी पुढे सांगितलं आहे. मंगळवारी सोमनाथपूर. बुधवार चामुंडीला आणि बाजाराला. जे उरलं ते राहायचं ठरलं तर सावकाश बघता येतं, आणि परतायचं ठरलं तरी फार मोठं काही हुकलेलं नसतं.

बेळगावहून विश्वमानव एक्स्प्रेस थेट म्हैसूरला जाते, पण ती दिवसाची गाडी आहे आणि बंगळूरवरून जाते. अख्खा दिवस त्यात जातो. आपल्या आराखड्याला धारवाडवरून जाणारी रात्रीची म्हैसूर एक्स्प्रेस बरी पडते. ती हुबळी, दावणगेरे, अर्सीकेरे, हासन या मार्गाने सकाळी पोचवते. वेळा बदलत असतात, त्या तिकीट काढतानाच बघा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. येण्याजाण्याची दोन्ही तिकिटं तेव्हाच काढा. राहायचं ठरलं आणि परतीचं पक्कं तिकीट सुटायच्या वेळेच्या ४८ तासांहून आधी रद्द केलं, तर स्लीपरला माणशी ₹१२० कापले जातात. अंदाज चुकल्याची किंमत एवढीच राहते. म्हणून निर्णयाची वेळ सोमवार संध्याकाळ. बुधवार सकाळपर्यंत चालढकल केली तर कपात वाढते.

बसने जाणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली महिलांना राज्य परिवहनच्या साध्या बसने मोफत जाता येतं, पण ते कर्नाटकातल्या रहिवाशांनाच. निपाणीच्या बहिणीला शून्य तिकीट मिळतं, तिच्याबरोबर आलेल्या कागल किंवा चंदगडच्या बहिणीला पूर्ण तिकीट काढावं लागतं. कर्नाटकातला पत्ता असलेलं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. आधारवर जुना महाराष्ट्रातला पत्ता राहिलेल्या सुनांची इथे हमखास पंचाईत होते. वातानुकूलित आणि स्लीपर गाड्यांना ही सवलत नाही. लांबच्या रात्रीच्या प्रवासात तिचा फायदा घ्यायचा म्हणजे साध्या बसमध्ये बसून जायचं, तेव्हा तिचा खरा उपयोग म्हैसूरला पोचल्यावर होतो: शहर बस, श्रीरंगपट्टण, नंजनगूड, बन्नूर. महिनाभर राहणाऱ्या घरात हा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो.

कोणत्या महिन्यात

थंड हवेसाठी म्हणून कोणी म्हैसूरला जात असेल तर आधीच सांगायला हवं: बेळगाव आणि म्हैसूर दोन्ही समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहेत. उन्हाळ्यात फारसा फरक पडत नाही. फरक पावसात आहे. बेळगावात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. खानापूरकडे त्याहून जास्त. म्हैसूरला वर्षाचा पाऊस सुमारे आठशे मिलिमीटर, आणि त्याचा जोर मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, त्या जुलै-ऑगस्टमध्ये म्हैसूरला ढगाळ हवा, वारा आणि मधूनच भुरभुर. लांब मुक्कामासाठी सीमाभागातल्या माणसाला याहून चांगला काळ नाही, आणि दमेकरी किंवा सांधेदुखीच्या माणसाला तर हे नक्की करून बघण्यासारखं आहे. तेव्हा फक्त आषाढातले शुक्रवार टाळा. चामुंडेश्वरीच्या दर्शनाला त्या दिवशी टेकडीवर तुफान गर्दी असते आणि खासगी वाहनं वर सोडत नाहीत.

दसरा बघून म्हैसूरविषयी मत बनवू नये. त्या दहा दिवसांत खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दर अवाच्या सवा, रस्ते बंद. गाव तेव्हा पाहुण्यांचं असतं. ज्यांना दसऱ्याची ओढ आहे त्यांनी आधीचा महिना धरावा. हत्ती जंगलातल्या तळांवरून दीडएक महिना आधी म्हैसूरला येतात आणि राजवाड्यापासून बन्नीमंटपपर्यंत सुमारे पाच किलोमीटर रोज चालण्याचा सराव करतात. सुरुवातीला नुसतेच. मग अंबारी वाहणाऱ्या हत्तीच्या पाठीवर गादी बांधून वाळूची पोती ठेवतात आणि वजन थोडं थोडं वाढवत नेतात, कारण विजयादशमीला त्याला ७५० किलोची अंबारी पेलायची असते. पुढे लाकडी अंबारी चढवून चालवतात. तोफांच्या आवाजाला बिचकू नयेत म्हणून तीही सवय करतात. सयाजीराव रस्त्याच्या कडेला उभं राहून हे सगळं विनातिकीट, हाताच्या अंतरावरून दिसतं. दोन रात्रींच्या पाहुण्याला हे कधीच मिळत नाही. लांब मुक्कामाची बाजू घ्यायला आमच्या मते एवढं एक कारण पुरेसं आहे.

सोमवारची परीक्षा

या दिवशी पाहुण्यासारखं वागायचं नाही, घरी वागतो तसं वागायचं. सकाळी फिरायला कुक्करहळ्ळी तलावावर जा. झाडाखालून कच्चा रस्ता आहे, पूर्ण फेरीला तासभर लागतो, पाण्यावर झोळीवाले (पेलिकन) आणि पाणकावळे दिसतात. फिरायला येणारी माणसं बोलकी आहेत. घरमालक, पाणी, डॉक्टर यांची खरी माहिती इथे मिळते, हॉटेलच्या काउंटरवर नाही.

मग भाजी आणा. दूध कुठे मिळतं, किराणा किती लांब, नेहमीच्या गोळ्या त्याच कंपनीच्या मिळतात का, हे बघा. दुपारी नेहमीचं काम करा. घरून काम असेल तर खोलीतल्या इंटरनेटवर एक पूर्ण बैठक घ्या, तीही दुपारी आणि रात्री अशी दोनदा, कारण रात्री सगळे एकदम वापरतात तेव्हा वेग पडतो. संध्याकाळी शहर बसने एक फेरी मारा. दोन्ही वेळा वीस मिनिटांहून जास्त थांबावं लागलं तर त्या वस्तीत राहून रिक्षाचा खर्च रोजचा धरा. रात्री साडेआठनंतर रस्त्यावरून एकटीने चालत यायला कसं वाटतं, हे घरातल्या बाईने स्वतः बघावं आणि तिचं मत शेवटचं मानावं.

जेवणाचा मुद्दा हलका समजू नका. लांब मुक्काम बहुतेक इथेच मोडतो. तीन दिवस डोसा, इडली, बिसी बेळे भात झकास लागतो. चौथ्या दिवशी सीमाभागातल्या माणसाला भाकरी आठवते. तिकडचं सांबार गोडसर, भात मुख्य, भाकरीऐवजी नाचणीचे ‘मुद्दे’, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे. उत्तर कर्नाटकी खानावळीत जोळदरोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी मिळते, पण रोज तिथे जाणं जमत नाही. म्हणून पंधरा दिवसांच्या मुक्कामाला स्वयंपाकघर हवंच. ज्वारीचं पीठ नेताना हिशेब असा: एका भाकरीला साधारण ८० ग्रॅम, दोघांना रात्रीच्या जेवणाला चार भाकऱ्या म्हणजे ३२० ग्रॅम, आठवड्याला सव्वादोन किलो. दहा दिवसांपेक्षा जास्तीचं दळून नेऊ नका. जुनं पीठ कडसर होतं आणि भाकरी थापताना तुटते. त्याऐवजी ज्वारी न्या आणि तिथे गिरणीत दळून घ्या. तवा, काटवट आणि आपली चटणी घरूनच न्यावी.

दिवसाअखेर दोघांनी वेगवेगळं बसून तीन गोष्टी लिहा: आज कशाचा कंटाळा आला, कशाला जास्त पैसे गेले, उद्या पुन्हा काय करावंसं वाटतं. तिसऱ्या ओळीत दोघांचंही काही आलं तर राहा. एकाची ओळ कोरी असेल तर परतीचं तिकीट ठेवा.

खोली, घर आणि पैसे

पहिल्या पाच रात्री राजवाडा आणि बसस्थानकाच्या आसपास राहिलं तर सोयीचं, पण तिथे गोंगाट फार. लांब मुक्कामाला सरस्वतीपुरम, जयलक्ष्मीपुरम, वाणीविलास मोहल्ला, कुवेंपुनगर या वस्त्या बऱ्या. सरस्वतीपुरमहून मानसगंगोत्री (म्हैसूर विद्यापीठाचा परिसर) आणि कुक्करहळ्ळी जवळ. गोकुळम छान आहे, पण अष्टांग योग शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमुळे तिथली महिन्याची भाडी चढी असतात, विशेषतः हिवाळ्यात. योग शिकायचा नसेल तर तिथे जादा पैसे भरायचं कारण नाही.

हॉटेल की महिन्याचं घर, हे असं काढा. समजा खोली रोज ₹१५०० आणि दोघांचं बाहेरचं जेवण ₹७००, म्हणजे दिवसाला ₹२२००. स्वयंपाकघरासह सजवलेलं छोटं घर महिन्याला ₹२५,०००, वीज ₹१,०००, स्वयंपाक ₹६,०००, मिळून ₹३२,०००. ३२,००० भागिले २,२०० म्हणजे साडेचौदा. पंधरा दिवसांच्या आत परतणार असाल तर हॉटेलच बरं, त्याहून जास्त राहणार असाल तर महिन्याचं घर, जरी शेवटचे काही दिवस रिकामं राहिलं तरी. आकडे तुमचे घाला, भागाकार तोच.

घर बघायला सकाळी सहा-सातला आणि पुन्हा अंधार पडल्यावर जा. सकाळी नळाला पाणी किती जोराने येतं ते कळतं, रात्री डास आणि शेजारचा आवाज. शेगडी आहे की फक्त विजेची चूल, वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, अनामत किती आणि कधी परत, विजेचं बिल भाड्यात की वेगळं, हे लेखी घ्या. ‘लीज’ अशी पाटी असेल तिथे वेळ घालवू नका. त्यात काही लाखांची रक्कम एकदम देऊन वर्ष-दोन वर्षं राहायचं असतं, महिन्यासाठी ते नाही. फोटो बघून, बेळगावातूनच महिन्याचं भाडं आगाऊ पाठवणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. गल्लीत सकाळी साडेपाचला भरणारा भाजीबाजार फोटोत दिसत नाही.

पैसे गळण्याची आणखी एक जागा म्हणजे रिक्षा. राजवाडा आणि देवराज मार्केटभोवती कोणी म्हणालं, ‘आज मार्केट बंद, दुसरा खास बाजार दाखवतो,’ तर सरळ पुढे चला. तो बाजार म्हणजे दलालीचं अत्तराचं किंवा रेशमाचं दुकान असतं. म्हैसूर रेशीम हवंच असेल तर सरकारी कर्नाटक रेशीम महामंडळाच्या दालनातून घ्या.

बाहेरच्या फेऱ्या आणि काही ठोस कारणं

म्हैसूरला तळ ठोकून आसपास फिरणं हा लांब मुक्कामाचा मोठा फायदा. बंडीपूर ऐंशी किलोमीटर आहे, पण तिथून जाणाऱ्या महामार्गावर रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. उटीहून परतताना हे विसरलं की तपासणी नाक्यावर रात्र काढावी लागते.

सोमनाथपूरला बसने जायचं तर आधी बन्नूर आणि तिथून दुसरी बस किंवा रिक्षा. परतीची बस कधी आहे ते उतरतानाच विचारून ठेवा. केशव मंदिर १२५८ चं, २०२३ मध्ये बेलूर-हळेबीडबरोबर जागतिक वारसा यादीत आलं. बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) १२०४ ची, म्हणजे दोन्हींत पन्नासएक वर्षांचंच अंतर. आपली बस्ती आधी नीट बघून गेलात तर तिथे दुप्पट दिसतं. बदामीच्या वालुकाश्मात एवढी बारीक कोरणी निघत नाही. केशव मंदिर बांधणाऱ्या होयसळ राजवटीने वापरलेला दगड खाणीतून काढला की मऊ असतो आणि हवेने हळूहळू कठीण होतो, म्हणून दागिन्यातला मणीन् मणी सुटा कोरता आला. बाहेरच्या भिंतीच्या तळाचे पट्टे खालून वर वाचा: हत्ती, घोडेस्वार, वेलबुट्टी, पुराणकथा, मकर, हंस. कथांच्या पट्ट्याला प्रदक्षिणेच्या दिशेने एक पूर्ण फेरी द्या. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात उठाव दिसत नाही, सकाळी लवकर किंवा चारनंतर जा.

ज्यांच्या मुलाला ऐकण्या-बोलण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी मानसगंगोत्रीतली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था हे लांब मुक्कामाचं सगळ्यात सबळ कारण. तपासणी एका फेरीत होते, शिकवणं आणि सराव मात्र आठवड्यांचा असतो. आधी तपासणीची वेळ घ्या, किती आठवडे लागतील ते तिथे विचारा, आणि मगच घर बघा. ते संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवं, मूल थकलेलं असताना बस बदलायला लागू नये. जुन्या पोथ्यांचा अभ्यास असणाऱ्यांना प्राच्यविद्या संशोधनालय आहे. कौटिलीय अर्थशास्त्राचं हस्तलिखित १९०५ मध्ये इथेच आर. शामशास्त्रींच्या हाती आलं आणि १९०९ मध्ये ग्रंथ छापला गेला. हस्तलिखितं बघायची तर आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी.

असं ठोस कारण असेल तर सोमवारच्या परीक्षेत जेवण किंवा कंटाळा यांना कमी गुण द्या आणि घराच्या जागेला जास्त. कारण नसेल तर उलटं.

राहायचं ठरलं की सोमवारी संध्याकाळीच परतीचं तिकीट रद्द करा आणि लगेच नवीन तारखेचं काढा, प्रतीक्षा यादीतलं मिळालं तरी. मंगळवार-बुधवारी घर पक्कं करून सामान हलवा. गुरुवारपासून बंगळूरची गर्दी पुन्हा सुरू होते आणि घरमालक तेव्हा महिन्याच्या भाड्यावर बोलायला तयार नसतात.